'फॅक्टरी' या शब्दाची अर्थांतरे : राजापूरची वखार ते राहनाळचे गोदाम

प्रस्तावना

इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासताना 'शिवाजी महाराजांनी राजापूर येथील इंग्रजांचा कारखाना लुटला' अशा आशयाचे वाक्य अधूनमधून आढळते. विद्यार्थ्याने इंग्रजी ग्रंथातील 'फॅक्टरी' या शब्दाचे आजच्या अर्थाने भाषांतर केलेले असते. चूक एका शब्दाची असली तरी तिच्यामुळे सतराव्या शतकातील अर्थव्यवस्थेचे चित्रच उलटे होते. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या बदलत्या अर्थांचा मागोवा घेऊन, भिवंडी तालुक्यातील राहनाळसारख्या गोदामांच्या गावी हा अर्थभेद आज का महत्त्वाचा ठरतो, याचा विचार केला आहे.

शब्दाचे मूळ

'फॅक्टर' हा शब्द 'करणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. फॅक्टर म्हणजे करणारा. हाच शब्द गणितात 'अवयव' होतो, समाजशास्त्रात 'घटक' होतो आणि जुन्या व्यापारात 'दुसऱ्याच्या वतीने खरेदी-विक्री करणारा', म्हणजे आपला अडत्या वा गुमास्ता होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांत रायटर, फॅक्टर आणि मर्चंट अशा चढत्या श्रेणी होत्या. असे फॅक्टर जेथे राहत, हिशेब ठेवत व माल साठवत, ती जागा म्हणजे फॅक्टरी. पोर्तुगीजांचा 'फेइतोरिया' हा शब्दही याच कुळातील होय.

वखार या अर्थी

इंग्रजांनी १६१३ मध्ये सुरतेस फॅक्टरी स्थापन केली. तिच्यासाठी मराठीत 'वखार' हा नेमका शब्द रूढ झाला. या वखारीत कापड विणले जात नसे. ते विणकराच्या घरी, त्याच्या मागावर तयार होई. कंपनी दलालांमार्फत आगाऊ रक्कम देऊन माल विकत घेई, साठवी आणि जहाजावर चढवी. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली. त्यानंतर १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरवर चाल करून तेथील वखार लुटली व इंग्रजांना कैद केले. या नुकसानीच्या भरपाईचा प्रश्न १६७४ मध्ये रायगडावरील वाटाघाटींपर्यंत रेंगाळला होता. अशा जागेस 'कारखाना' म्हटले की उत्पादक इंग्रज ठरतो आणि खरा उत्पादक असलेला इथला विणकर इतिहासातून नाहीसा होतो.

'कारखाना' शब्दाची गुंतागुंत

ज्या शब्दात आपण भाषांतर करतो, तो 'कारखाना' हा शब्दही स्थिर नाही. तो फारसीतून आला. शिवकालीन राज्यव्यवस्थेत 'अठरा कारखाने व बारा महाल' अशी रचना सांगितली जाते. त्यात पीलखाना, तोफखाना, जिरातखाना यांसारखी खाती येत. तेथे 'कारखाना' म्हणजे राज्याचे खाते, यंत्रशाळा नव्हे. आज पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यात नुसते 'कारखाना' म्हटले तरी साखर कारखानाच अभिप्रेत असतो. शब्दकोशातील एक प्रतिशब्द सर्व काळांना पुरत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

कायद्यातील व्याख्या

इंग्लंडमधील औद्योगिक क्रांतीबरोबर फॅक्टरी म्हणजे यंत्राने उत्पादन करण्याची जागा, हा अर्थ प्रबळ झाला. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापलेल्या कंपनीची सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. गिरण्या वाढल्या तसा कायद्यालाही या शब्दाचा अर्थ ठरवावा लागला. १८८१ च्या कायद्याने यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व १०० किंवा अधिक कामगार असलेल्या जागेस फॅक्टरी मानले. १८९१ मध्ये ही मर्यादा ५० वर आली. १९४८ च्या कायद्याने ती यांत्रिक शक्ती असल्यास १० व नसल्यास २० अशी ठरविली. २०२० च्या संहितेत हे आकडे अनुक्रमे २० व ४० झाले. १९४८ च्या कायद्यातील आकड्यांच्या आत येणाऱ्या कामगारास त्या कायद्यातील कामाचे तास, भरपगारी रजा व सुरक्षितता यांविषयीच्या तरतुदी लागू होत. जो बाहेर राही, त्याला त्यांचा आधार मिळत नसे. भिवंडीतील लहान लहान यंत्रमाग शेडच्या बाबतीत हा प्रश्न नेहमीचाच आहे.

राहनाळचा संदर्भ

अंजूरफाट्याच्या परिसरातील राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे या गावांत गेल्या काही दशकांत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. मुंबईची जवळीक, महामार्ग, १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर आणि २०१७ पर्यंत मुंबईच्या हद्दीत लागू असलेली जकात ही त्यामागील प्रमुख कारणे होत. माल आणणे, साठविणे, बांधणे आणि पुढे पाठविणे हे येथील काम. सुरतेच्या फॅक्टरीचे मुख्य कामही हेच होते. म्हणजे सतराव्या शतकातील अर्थाने राहनाळची गोदामे खऱ्या अर्थी फॅक्टऱ्या ठरतील. आधुनिक कायद्याने मात्र निव्वळ साठवणूक फॅक्टरीच्या व्याख्येत बसत नाही. तरीही १९४८ च्या कायद्यातील 'उत्पादन प्रक्रिया' या संज्ञेत विक्रीसाठी वा वाहतुकीसाठी केलेल्या पॅकिंगचा समावेश होता व २०२० च्या संहितेतही तो आहे. त्यामुळे जेथे खोकी भरली व बांधली जातात, तेथील कामगाराचे स्थान 'गोदाम' या पाटीवरून ठरविता येणार नाही. तेथे प्रत्यक्ष कोणते काम चालते आणि किती हात ते करतात, हे पाहावे लागेल.

निष्कर्ष

'फॅक्टरी' हा शब्द वखारीकडून कारखान्याकडे गेला आणि राहनाळमध्ये पुन्हा वखारीच्या दाराशी येऊन उभा राहिला आहे. इतिहासाच्या अध्यापकाने भाषांतर करताना शब्दाआधी सन पाहावा. १६६१ ची फॅक्टरी वखार म्हणून वाचली तर विणकर दिसतो. तीच दृष्टी ठेवून आजचे गोदाम पाहिले, तर शटरच्या आत खोकी बांधणारा कामगारही दिसू लागेल.