पाठशुद्धी, पण एकनाथांविना

शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षांच्या हस्तलेखनात शिरलेले पाठभेद त्यांनी निवडून बाजूला काढले आणि यापुढे कोणी पदरची ओवी घालू नये, असे बजावलेही. त्या बजावण्यामागे त्यांचा अधिकार उभा होता. ज्या ग्रंथात कोणीही, केव्हाही पदरची ओळ घालू शकतो आणि ज्याला कोणी एकनाथ नाही, त्याची पाठशुद्धी कोणी करावी?

15 जानेवारी 2001 रोजी सुरू झालेल्या इंग्रजी विकिपीडियापुढे हा प्रश्न लवकरच उभा राहिला. कोणी पान पुसले, शिव्या लिहिल्या, तर तो उघड उत्पात. आधीची आवृत्ती परत आणली की काम संपते. कठीण असतो तो वाद, ज्यात दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात आणि दोघांपाशी पुरावे असतात.

बाल्टिक किनाऱ्यावरील एका शहराच्या नावाचा वाद असाच होता. पोलिश भाषेत ते ग्दान्स्क, जर्मन भाषेत डान्झिग. 1308 साली ट्यूटॉनिक सरदारांनी ते जिंकले. पुढे ते पोलिश राजांच्या छत्राखाली, मग प्रशियाकडे, दोन महायुद्धांच्या दरम्यान स्वतंत्र नगर आणि 1945 नंतर पोलंडमध्ये. तेथील बहुतेक जर्मन रहिवाशांना शहर सोडावे लागले. ग्युंटर ग्रास यांचा जन्म 1927 साली याच शहरात झाला. ‘द टिन ड्रम’चे वाचक जाणतात की, येथे प्रत्येक नावामागे कोणाचे तरी गमावलेले घर आहे. विकिपीडियावर तोच एक शब्द एकाने बदलायचा आणि दुसऱ्याने पूर्ववत करायचा, असे पुन्हा पुन्हा घडत राहिले.

अशा संघर्षांवर दोन उपाय योजले गेले. 2004 च्या आरंभी लवाद समिती कामाला लागली; ती मुख्यतः वर्तनाचा निवाडा करी, मजकुराचा नव्हे. त्याच वर्षाच्या अखेरीस तीन वेळांचा नियम अमलात आला : चोवीस तासांत एकाच पानावर दुसऱ्याचे लेखन तीनहून अधिक वेळा उलटवणाऱ्यास प्रचालक काही काळ संपादनापासून रोखू शकत. बरोबर कोण, हे हा नियम विचारतच नाही.

आम्हां अध्यापकांना हे प्रथम खटकते. आम्ही चुकीला गुण कापतो, हट्टाला नव्हे. पण प्रचालक काही पोलंडच्या इतिहासाचा पंडित नसतो. सत्य ठरवायला विद्वत्ता लागते. तीनपर्यंत मोजायला कोणीही पुरेसा असतो. अधिकारी पुरुष नसलेल्या ठिकाणी नियमाने धरलेली ही वाट आहे.

तिची उणीवही उघड आहे. एकट्या जाणकाराच्या वाट्याला तीन वेळा येतात, एका मताच्या तिघांच्या वाट्याला नऊ. जाणकाराला उद्या तासाला जायचे असते; हट्टी माणसाला सवड असते. नियम भांडण थांबवतो, निर्णय देत नाही.

म्हणून 2005 साली या नावावर मतदान झाले. 1308 ते 1945 या काळासाठी डान्झिग, त्याआधी व त्यानंतर ग्दान्स्क. चरित्रलेखांत मात्र ती व्यक्ती जर्मन की पोलिश, हेही पाहावे आणि पहिल्या उल्लेखाशी दुसरे नाव कंसात द्यावे, असे ठरले. बहुमताने इतिहास सिद्ध होत नाही, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. हा निर्णय म्हणजे सत्य नव्हे, तह होता. पण त्या तहात हरलेल्या नावालाही कंसापुरती जागा मिळाली, ही गोष्ट आम्हांला लहान वाटत नाही.

एकनाथांनी गाळलेल्या ओव्यांची यादी आपल्यापाशी नाही. विकिपीडियावर मात्र खोडलेला शब्द सहसा तारखेसह शिल्लक राहतो. 2003 पासून चालत आलेल्या मराठी विकिपीडियातही लेखाशेजारी ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ ही पाने असतात. विद्यार्थी तेथील वाक्य निबंधात उतरवतो, तेव्हा आम्ही त्याला हटकतो. पण ही दोन पाने उघडायला सांगतो काय? समोरचे वाक्य हा तह असेल, तर तो कोणामध्ये झाला आणि कोण कंटाळून निघून गेले, हे वाचणे हीच तेथली पाठचिकित्सा. आणि निघून गेलेला तो जाणकार अनेकदा आपल्यापैकीच कोणी असतो.