ऐतिहासिक दूरचित्रवाणी मालिका : अहिल्यानगर जिल्हा

ऐतिहासिक दूरचित्रवाणी मालिका : गतकाळातील व्यक्ती व घटना यांवर आधारलेली आणि दूरचित्रवाणीवरून क्रमशः प्रक्षेपित होणारी नाट्यकृती. बखर, पोवाडा, कादंबरी, नाटक व चित्रपट यांच्यामागून आलेल्या या प्रकाराने इतिहास घरोघरी पोहोचविला. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील तीन स्थळांचा अशा तीन मालिकांशी निकटचा संबंध आहे : अहमदनगरचा भुईकोट किल्ला, श्रीगोंदे तालुक्यातील पेडगाव आणि जामखेड तालुक्यातील चौंडी. या मालिकांनी ऐतिहासिक साधनांचा वापर तीन भिन्न प्रकारे केला असल्यामुळे या प्रकाराचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही त्यांवरून स्पष्ट होतात.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रणजित देसाई यांच्या स्वामी (१९६२) या कादंबरीवरील मालिका १९८७ मध्ये दूरदर्शनवर आली. गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत रवींद्र मंकणी यांनी माधवराव पेशव्यांची, तर मृणाल देव (कुलकर्णी) यांनी रमाबाईंची भूमिका केली. पुढे खाजगी वाहिन्यांच्या काळात राजा शिवछत्रपती (२००८) यांसारख्या भव्य मालिका निर्माण झाल्या. ऐतिहासिक कादंबरीचा वाचक हाच बहुधा या मालिकांचा पहिला प्रेक्षक होता.

अहमदनगरच्या किल्ल्यात जवाहरलाल नेहरू १९४२ ते १९४५ या काळात बंदिवासात होते. तेथेच १९४४ मध्ये त्यांनी द डिस्कव्हरी ऑफ इंडिया हा ग्रंथ लिहिला. तो १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे श्याम बेनेगल यांनी भारत एक खोज ही त्रेपन्न भागांची हिंदी मालिका (१९८८–८९) दिग्दर्शित केली. तीत नसीरुद्दीन शाह यांनी शिवाजी महाराजांची व ओम पुरी यांनी औरंगजेबाची भूमिका केली. ज्या औरंगजेबाचा मृत्यू १७०७ मध्ये अहमदनगर येथेच झाला, त्याचे चित्रण त्याच किल्ल्यात लिहिलेल्या ग्रंथावरून व्हावे, हा योगायोग लक्षणीय होय. या मालिकेत नेहरूंचे पात्र (रोशन सेठ) अधूनमधून पडद्यावर येऊन विवेचन करते. त्यामुळे समोर दिसतो तो इतिहास एका विशिष्ट लेखकाने लावलेल्या अर्थासह दिसतो, याची जाणीव प्रेक्षकाला सतत राहते.

पेडगाव येथील बहादुरगडाचे उदाहरण निराळे आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे पकडले गेल्यावर छत्रपती संभाजी महाराजांना कवी कलश यांच्यासह येथे औरंगजेबापुढे आणण्यात आले. मार्चमध्ये त्यांना ठार करण्यात आले. त्यांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेल्या मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीमुळे त्यांची दुर्वर्तनी राजा अशी प्रतिमा रूढ झाली आणि नाटककारांनी ती उचलली. वा. सी. बेंद्रे यांचे चरित्र (१९६०) व कमल गोखले यांचा शिवपुत्र संभाजी (१९७१) या ग्रंथांनी समकालीन साधनांच्या आधारे या प्रतिमेचा फेरविचार केला. स्वराज्यरक्षक संभाजी (२०१७–२०) या मालिकेने, तीतील अमोल कोल्हे यांच्या भूमिकेसह, ही बदललेली प्रतिमा अशा घरांतही नेली, की जेथे हे ग्रंथ कधी पोहोचले नव्हते. संशोधकांचा निष्कर्ष लोकमानसात उतरण्यास अर्धशतक लागले आणि ते कार्य अखेर मालिकेने केले, ही तिची मोठीच कामगिरी म्हटली पाहिजे. तथापि बंदिवासातील दिवसांविषयीची माहिती प्रामुख्याने मोगल पक्षाच्या लेखकांकडून मिळते आणि ती त्रोटक आहे. त्या प्रसंगांतील संवाद हे अपरिहार्यपणे कल्पनेतून आलेले असतात.

चौंडी हे अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांचे जन्मगाव. त्यांचे वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. त्यांच्या राज्यकारभाराविषयी पत्रे व महेश्वर दरबारची बातमीपत्रे यांतून विपुल माहिती मिळते. बालपणाविषयीचे समकालीन पुरावे मात्र अत्यल्प आहेत. मल्हारराव होळकरांनी चौंडीच्या देवळात या मुलीला पाहून सून म्हणून निवडले, ही कथा परंपरेने चालत आलेली आहे. जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालेल्या पुण्यश्लोक अहिल्याबाई या हिंदी मालिकेने मात्र बालपणालाच दीर्घ पर्व दिले. ज्या काळाविषयी कागद मूक आहेत, नेमका तोच नाट्याला मोकळीक देतो.

असाच अनुभव इतर देशांतही येतो. कोरियातील दे जांग-गम (२००३–०४) ही चोपन्न भागांची मालिका राजा जुंगजोंग (कार. १५०६–४४) याच्या काळातील एका वैद्य स्त्रीवर आधारलेली आहे. जोसन राजवंशाच्या वर्षवृत्तांत तिचे उल्लेख मोजकेच आहेत; बाकी जीवनपट लेखिकेने रचला. ही मालिका अनेक देशांत गाजली व दूरदर्शननेही ती हिंदीत दाखविली.

परभाषिक प्रेक्षकांकडे जाताना आणखी एक अडचण निर्माण होते. ‘मासाहेब’, ‘आबासाहेब’ ही संबोधने, ‘आपण यावे’ यातील अदब किंवा पाटीलकी, वतन, चौथ, सनद या संज्ञा इंग्रजी भाषांतरात जशाच्या तशा उतरत नाहीत. कोरियन भाषेतील क्रियापदांच्या आदरार्थी रूपांचेही इंग्रजीत असेच होते. दरबारातील उतरंड मराठी प्रेक्षक कानाने ओळखतो. इंग्रजी वाक्ये वाचणाऱ्याला ती वेशभूषा व आसनव्यवस्था यांवरून ताडावी लागते.

मालिका व्यक्तिकेंद्रित असल्याने महसूल, दुष्काळ, पाणीपुरवठा, कारागीर यांसारखे विषय तिच्यात मागे पडतात. निजामशाहीने अहमदनगर शहरात खापरी नळांनी आणलेल्या पाण्याची व्यवस्था हा इतिहासाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. परंतु त्यात नायक नाही. म्हणून मालिका ही इतिहासाचे प्रवेशद्वार मानणे योग्य. तिला पुरावा मानणे योग्य नव्हे. मालिका पाहून पेडगावच्या तटबंदीपाशी किंवा चौंडीस जाणाऱ्याने कागद काय सांगतात, परंपरा काय सांगते व लेखकाने काय रचले, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारल्यास या कलाप्रकाराचा आस्वाद व इतिहासाचे ज्ञान दोन्ही साधतात.