घर न घेता घराचा करार विकणारे ‘होलसेलर’

अमेरिकेतील अनेक शहरांत विजेच्या खांबांवर ‘आम्ही घरे रोखीने विकत घेतो’ अशा अर्थाच्या पाट्या आढळतात. पाटी लावणाऱ्याकडे घर घेण्याइतका पैसा असतोच असे नाही. पुष्कळदा तो ‘होलसेलर’ असतो. नाव घाऊक व्यापाऱ्याचे असले तरी तो घाऊक असे काहीच घेत नाही. तो मालकाशी घराचा खरेदीकरार करतो आणि त्या करारातील आपला हक्क तिसऱ्या व्यक्तीला विकतो. या हस्तांतरणालाच ‘असाइनमेंट’ म्हणतात.

दुरुस्तीअभावी पडून असलेली, वारसांकडे आलेली किंवा हप्ते थकल्याने जप्तीच्या वाटेवर असलेली घरे प्रामुख्याने हेरली जातात. समजा, अशा घराचा करार १,५०,००० डॉलरला झाला आणि मुदतीच्या आत १,६५,००० डॉलर देणारा गुंतवणूकदार मिळाला. व्यवहार पूर्ण होताना मालकाला ठरलेली रक्कम मिळते आणि वरचे १५,००० डॉलर होलसेलरला जातात. घराची मालकी त्याच्या नावे एक दिवसही लागत नाही.

हे शक्य होते ते करारातील मोजक्या शब्दांमुळे. खरेदीदाराच्या नावापुढे ‘आणि/किंवा त्यांनी हक्क दिलेली व्यक्ती’ अशी पुस्ती असते. घराच्या तपासणीनंतर करारातून बाहेर पडण्याची मुभा असते आणि इसार बहुधा नाममात्र असतो. गुंतवणूकदार न मिळाल्यास होलसेलर जवळपास काहीही न गमावता निघून जातो. मालक मात्र मुदत संपेपर्यंत बांधलेला राहतो. जप्तीची तारीख जवळ आलेल्या कुटुंबासाठी हे काही आठवडे फार महाग पडतात. काही होलसेलर कराराची नोंद काउंटीच्या दप्तरात करून ठेवतात. ती नोंद निघेपर्यंत घर दुसऱ्याला विकणेही अवघड होते.

दुसऱ्याचे घर विकून देण्यासाठी तेथे दलालीचा परवाना लागतो. ‘आम्ही घर नव्हे, स्वतःचा करारहक्क विकतो’ हा होलसेलरांचा बचाव आहे. टेक्सासने २०१७ मध्ये तो एका अटीवर मान्य केला : आपण नेमके काय विकत आहोत, हे संभाव्य खरेदीदाराला उघडपणे सांगितले पाहिजे. इलिनॉयने २०१९ मध्ये बारा महिन्यांत एकाहून अधिक असे व्यवहार करणाऱ्यास परवाना सक्तीचा केला. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये कराराच्या जाहीर विक्रीवर तशीच अट घातली. पेनसिल्व्हेनियाच्या २०२४ च्या कायद्याने विक्रेत्याला ठरावीक मुदतीत करार रद्द करण्याचा हक्क दिला.

भारतात हा व्यवहार वेगळ्या पायावर उभा आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत सही झालेल्या करारामुळे खरेदीदाराचा मालमत्तेत न्यायतत्त्वावर आधारलेला हितसंबंध निर्माण होतो. आपल्याकडील मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५४ मात्र स्पष्ट सांगते की, साठेखताने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. साठेखत करणाऱ्याला मिळतो तो केवळ खरेदीखत करून मागण्याचा हक्क. हा हक्क दुसऱ्याला देता येतो. करारातच मनाई असेल किंवा खरेदीदाराची वैयक्तिक पात्रता महत्त्वाची असेल, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम १५ आड येते.

जबाबदारीचे तसे नाही. उरलेली किंमत चुकती करणे हे खरेदीदाराचे दायित्व असून विक्रेत्याच्या संमतीवाचून ते तिसऱ्याच्या गळ्यात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गुजरातमधील एका जमिनीच्या प्रकरणात स्पष्ट केले. केवळ इसार देऊन साठेखत पुढे विकणाऱ्यांना हा निकाल थेट लागू पडतो. म्हणूनच जाणकार वकील अशा वेळी मूळ मालकाकडून थेट अंतिम खरेदीदाराच्या नावे खरेदीखत नोंदवून घेतात. मालक ‘लिहून देणार’, अंतिम खरेदीदार ‘लिहून घेणार’ आणि मधला साठेखतधारक ‘संमती देणार’ म्हणून त्यावर सही करतो. ही तिसरी सही नसेल, तर साठेखताच्या आधारे तो पुढे न्यायालयात जाण्याची वाट मोकळी राहते.