सॅन फ्रॅन्सिस्कोची मोटारवाट

दूरच्या प्रवासास निघण्यापूर्वीं मनुष्य जी तयारी करतो, तिच्यावरून त्याच्या काळाची परीक्षा चांगली होते. वाटेंत काय सहज मिळेल आणि काय घरून न्यावें लागेल, याविषयींचा त्या काळाचा हिशेबच तींत उमटलेला असतो. या दृष्टीनें अमेरिका ओलांडणाऱ्या व पॅसिफिक किनाऱ्यावरील सॅन फ्रॅन्सिस्को शहराशीं निगडित असलेल्या तीन मोटारप्रवासांचा विचार आम्ही येथें करणार आहों. आगगाडीनें हें खंड १८६९ सालींच ओलांडलें होतें. मोटारीस मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीं धड रस्ताच नव्हता.

१९०१ सालीं मोटारींचे कारखानदार अलेक्झांडर विन्टन हे त्या शहराहून न्यूयॉर्ककडे निघाले. परंतु नेवाडाच्या वाळूंत गाडी रुतली आणि बेत सोडावा लागला. १९०३ सालीं होरेशियो नेल्सन जॅक्सन या डॉक्टरांनीं पन्नास डॉलरांची पैज लावून तोच प्रवास आरंभिला. गाडी त्यांनीं विन्टन यांच्याच कारखान्याची घेतली, वाट मात्र घेतली नाहीं. वाळवंट टाळण्यासाठीं ओरेगॉनवरून उत्तरेचा वळसा पत्करला आणि क्रॉकर नांवाचा कुशल यंत्रज्ञ सोबत नेला. २३ मे रोजीं निघून २६ जुलै रोजीं ते न्यूयॉर्कला पोंचले. टायर व सुटे भाग यांची वाट पाहण्यांत वाटेंत बराच काळ गेला. आणि ते भाग दुरून येत ते आगगाडीनें. म्हणजे नव्या वाहनाचा पराक्रम जुन्या वाहनाच्या आधारानेंच पार पडला!

१९०९ सालीं ॲलिस रॅम्झी ही बावीस वर्षांची बाई ९ जून रोजीं न्यूयॉर्कहून उलट दिशेनें निघाली. बरोबर तीन सोबतिणी होत्या. त्यांपैकीं एकीलाही गाडी हांकतां येत नव्हती. मार्गदर्शक पुस्तक होतें, पण त्यांतील खुणा घरांच्या व कोठारांच्या. एका पिवळ्या घरापाशीं वळावें असें पुस्तकांत लिहिलें होतें. परंतु मोटारींचा द्वेष करणाऱ्या मालकानें तें घर मुद्दाम हिरवें रंगविलें होतें! पुढें पश्चिमेकडे पुस्तकही संपलें. तेव्हां ज्या खांबांवर तारा अधिक, त्यांच्या रोखानें गेल्यास गांव लागेल, असा तर्क करून त्या चालल्या. ३,८०० मैलांचा प्रवास ५९ दिवसांत संपवून ७ ऑगस्ट रोजीं त्या सॅन फ्रॅन्सिस्कोस पोंचल्या.

याच्या दहा वर्षांनंतर, ७ जुलै १९१९ रोजीं, अमेरिकन लष्करानें वॉशिंग्टनहून सुमारें ऐंशी वाहनांचा तांडा त्याच शहराकडे धाडला. स्वयंपाकाच्या गाड्या, दुरुस्तीच्या गाड्या, पुढें जाऊन वाट पाहणारे स्वार, सर्व सिद्धता होती. तरीही लांकडी पूल भारानें मोडले, गाड्या चिखलांत व वाळूंत रुतल्या. ३,२०० मैलांहून अधिक अंतरास ६२ दिवस लागले; सरकारचें बळ पाठीशीं असतांही रॅम्झीबाईंहून तीन दिवस अधिकच! यावरून आमच्या मतें एकच गोष्ट सिद्ध होते. प्रवाशाची तयारी कितीही चोख असली, तरी रस्त्याची उणीव ती भरून काढूं शकत नाहीं. रस्ता ही एकट्यादुकट्याच्या हिंमतीची बाब नसून समाजानें करावयाची तयारी आहे.

त्या तांड्यांत आयसेनहॉवर नांवाचा एक तरुण अधिकारी होता. १९५६ सालीं राष्ट्राध्यक्ष या नात्यानें ४१,००० मैल महामार्गांच्या कायद्यावर त्यानेंच सही केली. या विचारामागें जर्मनीच्या रस्त्यांबरोबर त्या जुन्या तांड्याची आठवणही होती, असें त्यानें पुढें आत्मकथनांत नमूद केलें आहे.

परंतु समाजाची तयारी म्हणतांना त्या समाजांत वाटेवरचे रहिवासीही येतात, हें विसरून चालत नाहीं. १९५९ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या नगरसभेनें शहरांतून जाणारे बहुतेक नियोजित महामार्ग नामंजूर केले. कारण त्यांपायीं जुन्या वस्त्या मोडणार होत्या. बंदराच्या कांठानें उभारलेला उंच रस्ता १९८९ च्या भूकंपांत खिळखिळा झाला आणि १९९१ सालीं पाडला गेला. तेव्हां शहरास आपला समुद्रकिनारा पुन्हां मोकळा दिसूं लागला. घर हिरवें रंगविणाऱ्या त्या मालकास आम्ही वर हंसलों खरे. पण वाट आंखतांना वाटेवरच्यांस विचारावें, ही त्याची तक्रार अगदींच पोरकट नव्हती, असें आतां म्हणावें लागतें.