परसातला उपरी

जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानीत: पिके उभी राहत ती काळी आणि घरे उभी राहत ती पांढरी. काळीची मोजणी होई, तिची प्रत लागे, तिच्यावर सारा बसे आणि वसूल-बाकीचे कागद रुमालात बांधून दप्तरात पडत. त्यामुळे पेशवाईतल्या एखाद्या गावी जोंधळा किती बिघे होता, हे जमाबंदीचा एखादा फाटका ताव हाती लागला तर आजही सांगता येते. परंतु पांढरीतल्या घरामागच्या चार हात परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर, कोणती वेल वाढली आणि तिने किती फळे धरली, याची दखल घेण्याचे कारण कोणाही कुळकर्ण्याला पडले नाही. कारण त्या वेलीवर शेतसारा नव्हता, आणि ज्यावर सारा नाही त्याची नोंद ठेवण्याइतकी दौत कोणत्याच राज्याने सैल सोडलेली नाही. तांबड्या भोपळ्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला म्हणून दप्तरखाना सोडून शब्दांकडे, सणाच्या पानाकडे आणि आजीने दिलेल्या तंबीकडे वळावे लागते.

हा तांबडा भोपळा या भूमीचा नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण ते सांगितल्यावाचून कोणाला खरे वाटत नाही. त्याचे कुळ अमेरिका खंडातले. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात गिला नाकित्झ नावाची एक गुहा आहे. तीत सापडलेल्या, त्याच्याच एका भावकीतल्या फळाच्या बिया सुमारे 10,000 वर्षांच्या ठरल्या आहेत, म्हणजे तिकडे मका पिकू लागण्याच्याही आधी माणसाने या वेलीला घराशी आणले होते. कोलंबस 1492 साली पश्चिमेच्या बेटांना लागला आणि 1510 साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले. या दोन घटनांनंतर मिरची, काजू, पेरू, पपई यांच्या मेळ्यात हा भोपळाही समुद्र ओलांडून आला. कोणत्या गलबतातून, कोणत्या बंदरी उतरला, हे जकातीच्या वहीत नाही. भोपळ्याचे बी मूठभर असते आणि मुठीवर जकात बसत नाही.

आता गावात नवा माणूस आला म्हणजे त्याला आपण उपरी म्हणतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या वतनाची जमीन कसणारा तो मिरासदार. उपऱ्याचा मिरासदार व्हायला फार काळ लागतो, आणि तो पुष्कळदा कोणातरी मिरासदाराच्या घराण्याशी सोयरीक जोडून होतो. भोपळ्याने नेमके हेच केले. त्याच्या आधी येथे दोन मिरासदार नांदत होते. एक दुध्या, ज्याला संस्कृतात अलाबु किंवा तुंबी म्हणतात. 'भोपळा' हा शब्द मूळचा त्याचा. दुसरा कोहळा, म्हणजे कूष्मांड. आयुर्वेदात त्याचा पाक, कार्तिक शुद्ध नवमीला त्याचे दान, नव्या वास्तूच्या दाराशी तो टांगलेला, आणि बळीच्या जागी पशूऐवजी तो चिरलेला. आलेल्या उपऱ्याने स्वतःचे नाव आणलेच नाही. देशावर तो तांबडा भोपळा झाला, विदर्भात त्याने कोहळ्याचेच नाव घेतले, खानदेशात डांगर, कुठे गंगाफळ, कुठे काशीफळ. आणि ज्या गोव्याच्या किनाऱ्याने तो बहुधा आला, तेथे तर तो दुदी या नावाने जुन्या मिरासदाराच्या ओटीवरच जाऊन बसला. मेक्सिकोच्या फळाला काशी आणि गंगा यांचे पावित्र्य लाभावे, यापरता सोयरिकीचा दुसरा पुरावा कोणता मागायचा?

तरीही मला सर्वांत मौज वाटते ती ऋषिपंचमीच्या भाजीची. भाद्रपद शुद्ध पंचमीला बायका सप्तर्षींची पूजा करतात आणि त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही असा दंडक पाळतात. नांगराखालचा तांदूळ वर्ज्य, म्हणून देवभात. शेतातला भाजीपाला वर्ज्य, म्हणून परसात कुदळ-खुरप्याने वाढविलेले तेवढे ग्राह्य. या दंडकाने ती सगळी भाजी पांढरीवर येऊन पडते: अळूची पाने, माठ, पडवळ, सुरण, आणि त्यांच्या जोडीला मक्याच्या कणसाचे तुकडे, रताळे आणि तांबड्या भोपळ्याच्या सालासकट फोडी. वसिष्ठ आणि अत्री यांच्या नावाने रांधलेल्या त्या पातेल्यात निम्मी मंडळी समुद्रापलीकडची असतात, आणि व्रत करणारीला त्याची गंधवार्ताही नसते. शास्त्राने जन्मभूमी विचारली नाही. बैल जुंपला होता काय, इतकेच विचारले. परसातल्या वेलीला बैल कधी लागलाच नव्हता, त्यामुळे उपरी सहज पंक्तीत बसला.

नावापाठोपाठ समजुतीही त्याच्याकडे वारसाहक्काने आल्या. आमच्या परसात न्हाणीच्या मोरीपासून दोन हातांवर एक आळे होते. त्यात शेणखत आणि चुलीची राख पडे, आणि वळवाचा पाऊस होऊन गेला की आजी त्यात चार बिया टोची. वेल गोठ्याच्या कौलांवर चढे. आषाढात पहाटे पिवळीजर्द फुले उमलत आणि ऊन तापेतो मिटून जात. आरंभी फुले येत ती उंच, सडपातळ देठाची, नुसती नराची. लोक त्यांना वांझ समजून हळहळत. पुढे ज्या फुलाच्या बुडाशी सुपारीएवढे हिरवे फळ दिसे ते मादीचे. अशा फळाकडे मी एकदा बोट केले, तेव्हा आजीने माझा हात धरून खाली ओढला आणि म्हणाली, "बोट दाखवू नकोस रे, कुजतं ते. चाव आधी बोट!" मी बोट चावले, फळ मात्र चौथ्या दिवशी पिवळे पडून गळालेच. फुलाला त्या एका सकाळी मधमाशी शिवली नाही तर फळ असेच गळते, हे पुढे समजले. पण आजीच्या हिशेबी तो माझ्या तर्जनीचा गुन्हा होता आणि कायम राहिला. ही समजूत किती जुनी आहे? तुलसीदासांनी 1574 साली रामचरितमानस लिहायला घेतले, त्यातला लक्ष्मण परशुरामाला ऐकवतो की तर्जनी पाहताच मरून जाणारे कोहळ्याचे कोवळे फळ येथे कोणी नाही. म्हणजे समजूत मूळची कोहळ्याची. नव्या सोयऱ्याने ती अंगावर घेतली, इतकेच.

सुरीचेही तसेच. अखंड कोहळा बाईने चिरू नये, पहिला घाव पुरुषाने घालावा, कारण तो बळीचा प्रतिनिधी. बळीच्या पंक्तीत तांबडा भोपळा कधी बसला नाही, तरीही कित्येक घरांत तो चिरण्यापूर्वी एखाद्या मुलाला अभ्यासावरून उठवून आणीत, त्याच्याकडून सुरीचे टोक लावून घेत, आणि मग उरलेला सगळा भोपळा आईच विळीवर चिरीत बसे.

एका ठिकाणी मात्र जुन्या मिरासदाराने हक्क सोडला नाही. कडू दुध्याची कवटी वाळली की लाकडासारखी होते. बैराग्याचा तुंबा तिचा, नदी पोहताना कमरेला बांधायचा भोपळा तिचा, आणि तंबोऱ्याचा भोपळाही तिचाच. एकोणिसाव्या शतकात मिरजेला शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगारांनी, संस्थानांच्या तलवारी म्यानात गेल्यावर, तंबोरे-सतारी घडविण्याचा धंदा उभारला. त्यासाठी लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमाकाठच्या वाळवंटातून येत. तांबड्या भोपळ्याची साल असा स्वर धरीत नाही. वाळून ती सुरकुतते. म्हातारीला पोटात घेऊन लेकीकडून परत येणारा गोष्टीतला तो टुणटुणीत भोपळा कोणता, यावर मी अनेकदा विचार केला आहे. चित्रकार तो नेहमी तांबडा काढतात. मला तो दुध्या वाटतो.

या दोन घराण्यांची गाठ पहिल्यांदा येथेच पडली असेही नाही. पेरूच्या किनाऱ्यावर हुआका प्रिएता नावाचे एक टेकाड आहे. जूनियस बर्ड यांनी ते 1946 साली खणले, तेव्हा कित्येक सहस्र वर्षांपूर्वीच्या थरांत तांबड्या भोपळ्याच्या जातीची बीजे आणि दुध्याच्या कवट्या जवळजवळ सापडल्या. आफ्रिकेचा दुध्या माणसाच्या आधाराने म्हणा की लाटांवर तरंगत म्हणा, तिकडे कधीच पोचला होता. आपल्याकडे ज्याला उपरी म्हणायचे, त्याच्या गावी हा आपला मिरासदार स्वतः उपरी होऊन राहून आला होता.

आश्विन संपता संपता आजी फळावर नख रोवून पाही. नख शिरेनासे झाले आणि देठ वाळला की वीतभर देठ ठेवून ती फळ तोडवी. देठ मोडलेले फळ आधी खाऊन संपवायचे, देठाचे माळ्यावर गवतात ठेवायचे, ते शिमग्यापर्यंत टिके. घारग्यांसाठी फळ चिरले की आतले बी ती धुवी, राखेत घोळी आणि शेणाच्या गोळ्यात रोवून चुलीमागच्या भिंतीला थापून ठेवी. आमच्या त्या भिंतीवर असे तीन-चार गोळे वर्षभर असत, आणि कोणत्या गोळ्यात कोणाच्या घरून आलेले बी आहे, हे तिला न लिहिता आठवत असे.