विभक्त मतदारसंघ आणि भारतीय ख्रिस्ती समाज (१९१९–१९५०)

धर्मश्रद्धा आणि पक्षनिष्ठा यांच्या परस्परसंबंधाचा विचार करताना सामान्यतः मतदाराच्या अंतःकरणाकडे पाहिले जाते. त्याने कोणत्या तत्त्वाने मत दिले, धर्मगुरूंचा उपदेश कितपत मानला, असे प्रश्न उपस्थित केले जातात. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु मतदार ज्या निवडणूक-व्यवस्थेत मत देतो, ती व्यवस्था त्याच्या धर्माला राजकारणात कोणते स्थान देते, याचा विचार त्याआधी करावा लागतो. या दृष्टीने भारतीय ख्रिस्ती समाजाचा १९१९ ते १९५० हा कालखंड अत्यंत बोधप्रद आहे. या काळात त्या समाजास धर्माच्या आधारावर विभक्त मतदारसंघ मिळाले, त्यांवरून त्याच्या पुढाऱ्यांत तीव्र मतभेद झाले, आणि अखेरीस विभक्त मतदारसंघच नव्हे तर राखीव जागाही त्या समाजाच्या प्रतिनिधींनी स्वेच्छेने सोडून दिल्या. या त्यागाचा गौरव पुष्कळ झाला आहे. त्याची किंमत कोणी दिली, याची चर्चा मात्र त्यामानाने कमी झालेली आढळते.

१

विभक्त मतदारसंघांचे तत्त्व १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांच्या बाबतीत प्रथम मान्य केले. १९१९ च्या कायद्याने ते भारतीय ख्रिस्ती समाजाला लागू झाले, पण फक्त मद्रास इलाख्यात. तेथील कायदेकौन्सिलात त्यांना पाच जागा देण्यात आल्या. अन्यत्र ख्रिस्ती मतदार सर्वसाधारण मतदारसंघातच राहिले.

त्यापूर्वीच्या राजकारणात ख्रिस्ती पुढाऱ्यांनी आपला मार्ग सर्वसाधारण राष्ट्रीय संस्थांतूनच काढला होता. काँग्रेसच्या प्रारंभीच्या अधिवेशनांत बंगालचे कालीचरण बॅनर्जी यांचा सहभाग होता. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा. मुंबईच्या कॅथलिक समाजातील हे बॅरिस्टर टिळकांचे निकटचे सहकारी होते. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि पुढे १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. त्यांच्या नेतृत्वाचा आधार धर्माच्या मतदारयादीत नव्हता. १९१४ साली स्थापन झालेल्या भारतीय ख्रिस्ती लोकांच्या अखिल भारतीय परिषदेतही विभक्त मतदारसंघांविरुद्धचे मत प्रबळ होते.

२

गोलमेज परिषदेत हा मतभेद उघड झाला. १९३० च्या पहिल्या परिषदेस के. टी. पॉल आणि ए. टी. पन्नीरसेल्वम हे दोघे ख्रिस्ती प्रतिनिधी उपस्थित होते. पॉल हे भारतातील वाय. एम. सी. ए. चे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस. त्यांचा कल विभक्त मतदारसंघांच्या विरुद्ध होता. एप्रिल १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दुसऱ्या परिषदेत सुरेंद्रकुमार दत्त यांनी तीच भूमिका पुढे चालविली. याउलट, मद्रास इलाख्यातील जस्टिस पक्षाचे कॅथलिक पुढारी पन्नीरसेल्वम यांनी विभक्त मतदारसंघांची मागणी केली. नोव्हेंबर १९३१ मध्ये अल्पसंख्याकांचा जो करार तयार झाला, त्यावर आगाखान, डॉ. आंबेडकर, सर हेन्री गिडने व सर ह्यूबर्ट कार यांच्याबरोबर भारतीय ख्रिस्ती समाजाच्या वतीने पन्नीरसेल्वम यांची सही होती; दत्त यांची नव्हती. एकाच श्रद्धेचे दोन प्रतिनिधी एकाच परिषदेत परस्परविरोधी बाजूंस उभे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत तथ्य होते. विभक्त मतदारसंघांचे समर्थक म्हणत की विखुरलेला आणि बहुतांशी दरिद्री असा हा समाज संयुक्त मतदारसंघात स्वबळावर कोणालाही निवडून आणू शकणार नाही. जो ख्रिस्ती उमेदवार निवडून येईल तो बहुसंख्याकांना रुचणारा असेल, आणि ग्रामीण ख्रिस्ती जनतेची गाऱ्हाणी मांडण्यास तो असमर्थ ठरेल. विरोधकांचा आक्षेप याहून खोलवर जाणारा होता. विभक्त मतदारसंघात ख्रिस्ती मतदाराचे नाव वेगळ्या यादीत जाई आणि त्याला केवळ ख्रिस्ती उमेदवारांतूनच निवड करता येई. म्हणजे जमीन, कर, मजुरी, शिक्षण यांसंबंधी त्याचे मत काहीही असो, मतपेटीपुढे त्याची ओळख धर्माचीच राही. शिवाय शेजारच्या हिंदू वा मुसलमान उमेदवाराला त्याच्या दारी येण्याचे काही कारणच उरत नसे.

या व्यवस्थेचा आणखी एक परिणाम होता आणि तो थेट धर्माच्या गाभ्याला भिडणारा होता. जागांची संख्या लोकसंख्येशी निगडित झाली की प्रत्येक धर्मांतर हे राजकीय बलाबलात बदल घडविणारे कृत्य ठरते. बाप्तिस्मा घेणारा मनुष्य एका मतदारयादीतून दुसऱ्या यादीत जातो. मिशनरी हा उपदेशक न राहता, निदान प्रतिपक्षाच्या दृष्टीने, मतांची भर घालणारा कार्यकर्ता होतो. धर्मप्रसाराविषयीचा संशय १९३० नंतरच्या दशकात तीव्र झाला, त्याची कारणे अनेक होती. परंतु निवडणूक-व्यवस्थेने त्या संशयास एक हिशेबी आधार पुरविला, हे मान्य करावे लागते.

१६ ऑगस्ट १९३२ रोजी जाहीर झालेल्या जातीय निवाड्याने वादाचा निकाल विभक्त मतदारसंघांच्या बाजूने दिला. १९३५ च्या कायद्यानुसार मद्रासच्या २१५ सभासदांच्या विधानसभेत भारतीय ख्रिस्ती समाजास आठ, तर मुंबईच्या १७५ सभासदांच्या विधानसभेत तीन जागा मिळाल्या. दरम्यान २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्य वर्गाचे विभक्त मतदारसंघ रद्द होऊन प्रांतिक विधिमंडळांतील त्यांच्या जागा ७१ वरून १४८ झाल्या. ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात या कराराचा उल्लेख क्वचितच येतो; वस्तुतः त्याचा त्या समाजाच्या एका मोठ्या घटकाशी निकट संबंध होता. अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून जे कार्य केले, त्यातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांत महार समाजातील कुटुंबांची संख्या मोठी होती. ही मंडळी गावच्या दृष्टीने अस्पृश्य आणि सरकारी यादीच्या दृष्टीने ख्रिस्ती होती. १९३६ च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने कोणताही भारतीय ख्रिस्ती अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही असे स्पष्ट केले. त्या वेळी या तरतुदीस एक व्यवस्थात्मक तर्क तरी होता: ख्रिस्ती समाजाला स्वतंत्र जागा होत्या, तेव्हा एकाच व्यक्तीची गणना दोन गटांत करता येत नव्हती.

३

घटना समितीत हा प्रश्न आला तेव्हा परिस्थिती पालटली होती. फाळणीच्या अनुभवाने विभक्त मतदारसंघांचे तत्त्व सर्वथा बदनाम झाले होते. अल्पसंख्याकविषयक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती, कलकत्ता विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक आणि घटना समितीचे उपाध्यक्ष होते. ऑगस्ट १९४७ मध्ये विभक्त मतदारसंघ रद्द करण्याचा निर्णय झाला; त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघांत दहा वर्षांपुरत्या राखीव जागा ठेवण्याचे ठरले. घटनेच्या मसुद्यात मद्रास व मुंबई येथील विधानसभांत ख्रिस्ती समाजासाठी अशा जागांची तरतूद होती.

६ डिसेंबर १९४८ रोजी धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली. धर्म मानणे व आचरणे यांबरोबर धर्माचा ‘प्रसार’ करण्याचा हक्कही त्यात असावा की नाही, हा वादाचा विषय होता. त्या शब्दाला ख्रिस्ती समाज विशेष महत्त्व देतो, हे कन्हैयालाल मुनशी यांनी सभागृहात सांगितले व त्याचे समर्थन केले. तो शब्द कायम राहिला. त्यानंतर पाच महिन्यांनी, ११ मे १९४९ रोजी, सल्लागार समितीत मुखर्जी यांच्या ठरावावरून अनुसूचित जाती वगळता धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याची शिफारस झाली, आणि २५ व २६ मे रोजी घटना समितीने ती स्वीकारली. मद्रासचे जेझुइट फादर जेरोम डिसोझा यांनी तिला पाठिंबा दिला.

या दोन घटनांत उघड सौदा झाला असा निष्कर्ष काढणे रास्त होणार नाही. परंतु त्यांमागील विचाराची सुसंगती स्पष्ट आहे. धर्मश्रद्धेचे रक्षण मूलभूत हक्कांनी आणि न्यायालयांनी करावे. राजकीय प्रतिनिधित्व मात्र नागरिक या नात्याने, पक्षांच्या द्वारे मिळवावे, अशी ही विभागणी होती. बाप्तिस्म्याचा मतदारयादीशी असलेला संबंध तुटल्यामुळे धर्मप्रसाराचा हक्क हा निखळ विवेकस्वातंत्र्याचा हक्क म्हणून मांडता आला. या अर्थाने राखीव जागांचा त्याग हा केवळ औदार्याचा भाग नव्हता. धर्माच्या हितासाठीच धर्म मतमोजणीतून बाहेर काढण्याचा तो विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ही रेषा दुसऱ्या बाजूनेही आखली: मतदारास दैवी अवकृपेची किंवा धार्मिक दंडाची भीती घालणे हा निवडणुकीतील गैरप्रकार ठरला.

तथापि या विभागणीत एक वर्ग निराधार राहिला. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या हिंदू धर्मीयांपुरती, आणि काही शीख जातींपुरती, मर्यादित केली. १९३६ चे अपवर्जन याप्रमाणे पुढे चालू राहिले. पण ज्या स्वतंत्र जागांमुळे त्यास काही अर्थ होता, त्या जागा वर्षभरापूर्वीच गेल्या होत्या. अहमदनगरच्या खेड्यातील ख्रिस्ती महाराला ख्रिस्ती म्हणून जागा नव्हती आणि महार म्हणूनही नव्हती. त्यागाचा निर्णय घेणाऱ्यांत उच्चशिक्षित आणि राष्ट्रीय जीवनात प्रतिष्ठित अशा व्यक्ती होत्या. त्यांना पक्षांची दारे मोकळी होती. शीखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये या आदेशात पूर्ण स्थान मिळाले. ख्रिस्ती दलितांचा दावा १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने अनुकूल शिफारस केली. २०२२ साली याच प्रश्नासाठी के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमावा लागला. पन्नीरसेल्वम यांनी ज्या साधनाचा पुरस्कार केला ते सदोष होते. परंतु ज्या दुर्बलांचा प्रश्न त्या साधनामागे होता, तो साधनाबरोबर नाहीसा झाला नाही.

४

नव्या व्यवस्थेत ‘ख्रिस्ती मत’ नावाची एकसंध वस्तू शिल्लक राहिली का, याची परीक्षा लवकरच झाली. केरळात १९५७ च्या शिक्षण विधेयकाविरुद्ध चर्चने कम्युनिस्ट मंत्रिमंडळाशी उघड संघर्ष केला आणि ३१ जुलै १९५९ रोजी ते मंत्रिमंडळ बडतर्फ झाले. हा संघर्ष श्रद्धेचा म्हणून लढला गेला. तरी त्याचा तात्कालिक विषय शाळांचे व्यवस्थापन हा होता आणि त्याचे अग्रगण्य नेते मन्नत पद्मनाभन हे नायर समाजाचे पुढारी होते. संयुक्त मतदारसंघात चर्चलाही हिंदू सहकारी शोधावे लागले, हे येथे दिसते.

गोव्यातील उदाहरण महाराष्ट्राला अधिक जवळचे आहे. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि युनायटेड गोवन्स पक्षाला तीस सदस्यांच्या विधानसभेत बारा जागा मिळाल्या. हिंदू एका बाजूस व कॅथलिक दुसऱ्या बाजूस, असे या निकालाचे वर्णन सर्रास केले जाते. परंतु १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. कॅथलिकांचे लोकसंख्येतील प्रमाण दोन पंचमांशांहून कमी असता विरोधी मते निम्म्याहून बरीच अधिक भरली. हिंदू मतदारांच्या एका मोठ्या भागाने ती दिल्याखेरीज हे घडणे शक्य नव्हते. भाषा, जमीन, जात आणि प्रादेशिक अस्मिता यांनी धर्माची रेषा ओलांडली होती.

यावरून असे दिसते की श्रद्धेपासून मतापर्यंतचा मार्ग सरळ नसतो. शाळा, जमीन, भाषा व जात यांच्यामधून तो जातो. विभक्त मतदारसंघांनी हे मधले सर्व टप्पे पुसून टाकून धर्म आणि मत एकरूप केले होते. १९४९ च्या निर्णयाने ते पुन्हा वेगळे केले, आणि त्या निर्णयाचे ऐतिहासिक समर्थन याच आधारावर करता येते. मात्र ज्यांच्या बाबतीत जातीचे ओझे धर्मांतरानंतरही उतरले नाही, त्यांची नोंद कोणत्याच यादीत न घेता हा निर्णय पुरा झाला. त्याचे मूल्यमापन करताना मुखर्जी यांचा ठराव आणि १९५० चा आदेश ही दोन्ही कागदपत्रे एकत्र वाचली पाहिजेत.