अजविलाप : अर्धवट राहिलेल्या गोष्टींचा शोक

कालिदासाच्या रघुवंशाच्या आठव्या सर्गात अजाचा विलाप आहे. टीकाकार मल्लिनाथाच्या पाठानुसार तो 44व्या श्लोकापासून 69व्यापर्यंत चालतो. छंद वियोगिनी, कुमारसंभवाच्या चौथ्या सर्गात मदनाची पत्नी रतीही याच छंदात रडते. प्रसंग असा. राजा अज आणि इंदुमती नगराच्या उपवनात विहार करत असतात. गोकर्णाच्या शिवदर्शनाला निघालेल्या नारदाच्या वीणेवरची फुलांची माळ वाऱ्याने सुटते, इंदुमतीच्या छातीवर पडते आणि ती तत्काळ प्राण सोडते. इंदुमती विदर्भाची राजकन्या, सहाव्या सर्गातले स्वयंवर तिचेच. मराठी वाचकासाठी ही आपल्या माहेरची लेक आहे.

काव्यशास्त्रकार मम्मटाने त्या रतिविलापावर एक आक्षेप घेतला आहे : एकदा परिपोष पावलेला रस पुन्हापुन्हा उद्दीपित करणे हा दोष होय. अजविलापावरही कोणी हेच म्हणेल. मला तो आक्षेप इथे लागू होतो असे वाटत नाही, कारण या विलापात आठवणीचा विषय सतत बदलत जातो आणि त्याबरोबर दुःखाची जातही बदलते. श्लोकांच्या क्रमानेच ते पाहू.

श्लोक 44 ते 47. अजाच्या तोंडून पहिल्यांदा निघतो तो तर्क. फुलांच्या स्पर्शानेही जीव जात असेल, तर दैवाला मारायला कोणते साधन अपुरे पडेल? लगेच तो स्वतःचेच म्हणणे खोडतो : मृत्यू कोमलाला कोमल वस्तूनेच मारतो, हिमाने कमळ मरते तसे. मग तीच माळ तो आपल्या छातीवर ठेवतो. ती मला का मारत नाही? शेवटी वीज आठवते. तिने झाड राखले आणि त्याच्या फांदीवरची वेल तेवढी जाळली. चार श्लोकांत चार कारणे, आणि कशानेच समाधान नाही. घरात अचानक मृत्यू झाला की माणसे ‘असे कसे झाले’ हेच तासन्‌तास बोलत राहतात, कारण त्या बोलण्यापुरते तरी मुख्य गोष्टीकडे पाहावे लागत नाही. इथे इंदुमती अजून आठवणीत आलेली नाही, फक्त तिचा मृत्यू आला आहे.

श्लोक 48 ते 50. आता तो तिच्याशी बोलू लागतो, आणि बोलतो ते रुसलेल्या बायकोची समजूत काढल्यासारखे. मी चुकलो तेव्हाही तू कधी अबोला धरला नाहीस, मग आज निरपराध असताना का? न विचारता गेलीस, म्हणजे माझे प्रेम तुला खोटे वाटले असणार. शोकातला अपराधीपणा असाच येतो, काही केलेले नसले तरी येतो. 50व्या श्लोकात तो स्वतःच्या जीवावर उलटतो : मूर्च्छेत तिच्या मागे गेला होता, तर एकटा परत का आला?

श्लोक 51. इथे थांबायलाच हवे. शृंगाराच्या श्रमाने तिच्या चेहऱ्यावर आलेले घामाचे थेंब अजून टिकून आहेत, ती स्वतः मात्र मावळली आहे. संपूर्ण विलापात मला हा श्लोक सर्वांत धीट वाटतो. शृंगाराची खूण करुणाच्या मध्यावर ठेवायला कवीचा हात कापला नाही. थेंब हा तिच्या जिवंतपणाचा शेवटचा पुरावा, आणि तो पाहता पाहता वाळणार. आठवण अजून भूतकाळात गेलेलीच नाही, ती तिच्या चेहऱ्यावर आहे.

श्लोक 53 ते 55. वारा तिच्या फुले माळलेल्या कुरळ्या बटा हलवतो आणि अजाला वाटते, ती परत येते आहे. ज्या वाऱ्याने माळ पाडली तोच आता आशा लावतो. कालिदास हे बोलून दाखवत नाही. 55व्यात तिचा अबोल चेहरा रात्री मिटलेल्या कमळासारखा आहे, आतल्या भुंग्याचा गुंजारव थांबलेला. उपमा रूपाची वाटते, पण बोचते ती त्यातली शांतता.

56 ते 58 भराभर सरतात. त्यांतला 57वा तेवढा विसरता येत नाही : कोवळ्या पालवीच्या अंथरुणावरही जे अंग दुखायचे, ते चितेवर चढणे कसे सोसेल?

श्लोक 59 आणि 60. तिचा आवाज कोकिळांत, चाल हंसींत, नजर हरिणींत, डौल वेलींत. हे गुण तू माझ्यासाठीच मागे ठेवलेस हे खरे, पण माझ्या मनाला त्यांचा आधार पुरत नाही. संस्कृत कवितेचे नेहमीचे सगळे उपमान-भांडार अज इथे समोर मांडतो आणि ते उपयोगाचे नाही असे सांगतो. पुढचे सारे या कबुलीतून निघते.

श्लोक 61 ते 64. माझ्या मते विलापाचे हृदय इथे आहे. आंबा आणि प्रियंगूची वेल यांचे लग्न लावायचे तिने ठरवले होते, ते राहिले. तिच्या पायाच्या आघाताने ज्याचा दोहद, म्हणजे फुलण्याआधीचे डोहाळे, पुरवले गेले तो अशोक आता फुलेल. तिच्या केसांत माळायची ती फुले तर्पणाच्या माळेला कशी वापरू? आणि बकुळीची मेखला : दोघे मिळून ओवत होते, अर्धी झाली, आणि ती पूर्ण न करता तू झोपलीस. बकुळीला तिच्या श्वासाचा गंध आहे असे अज म्हणतो. ज्याने बकुळीची फुले ओवली आहेत त्याला ठाऊक असते की ती सुकल्यावरही त्यांचा वास जात नाही. पूर्ण झालेले सुख आठवले तर त्याला निदान शेवट असतो. हातातले अर्धे काम रोज दिसते, आणि ते पुरे करणारे माणूस नसते. कालिदासाने आठवणीचा सगळा भार अशा कामांवर टाकला आहे.

श्लोक 65 ते 69. प्रतिपदेच्या चंद्रासारखा मुलगा, ही शेवटची ठळक उपमा. त्यानंतर अलंकार गळू लागतात. 66वा नुसती यादी आहे : धीर गेला, गाणे थांबले, ऋतूंतला उत्सव संपला, दागिन्यांचे प्रयोजन उरले नाही, शय्या रिकामी. 67व्यात तो तिची नाती मोजतो : गृहिणी, मंत्री, एकांतातली सखी, ललितकलांतली लाडकी शिष्या. तुला नेताना मृत्यूने माझे काय नेले नाही? आधीच्या वीसेक श्लोकांतल्या प्रतिमांपेक्षा ही चार साधी नामे जास्त सांगतात.

पहिल्या चार श्लोकांतल्या प्रश्नांना उत्तर आहे, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. पुढे वसिष्ठांचा शिष्य येऊन सांगतो : इंदुमती ही हरिणी नावाची शापित अप्सरा, दिव्य फुले दिसेपर्यंतच तिचे पृथ्वीवर राहणे होते. कारण कळले, मरण हीच देहधाऱ्यांची प्रकृती हा उपदेशही झाला, पण दुःखाने भरलेल्या मनात त्याला जागा मिळाली नाही. मुलगा लहान म्हणून अजाने आठ वर्षे काढली, तिची चित्रे पाहत आणि स्वप्नातल्या क्षणभर भेटींवर. मग त्या मुलाकडे, दशरथाकडे, राज्य सोपवून त्याने प्रायोपवेशन, म्हणजे मरेपर्यंत उपोषण, केले आणि गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवला. पाठ्यपुस्तकांतले उतारे बहुधा विलापापाशी संपतात. वाचकाने 69व्या श्लोकाला पुस्तक मिटू नये, 95व्यापर्यंत वाचावे. विलाप काही घटकांचा आहे, शोक त्या आठ वर्षांचा आहे.